जशी वाट, तसा टायर



आजचा विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटेल. कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस मोटारसायकलच्या टायरवर काय बोलणार? ते काम गॅरेजवाल्याचे. पण जरा विचार केला तर ध्यानात येईल, की टायर हा जितका यंत्राचा विषय आहे तितकाच तो मातीचाही आहे. टायरची आतली बाजू रिमला धरून असते आणि बाहेरची जमिनीला. आतल्या बाजूचे गॅरेजवाल्याला चांगले कळते. बाहेरच्या बाजूचे मात्र ज्याचे त्यानेच पाहायला हवे, कारण आपल्या वाटेवरची माती आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

खेड्यापाड्यांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वाडीवरच्या शाळेत जाणारे गुरुजी, डेअरीला दूध घालणारा शेतकरी, रानात मोटर चालू करायला रात्री-अपरात्री निघणारा तरुण, या सगळ्यांचे दिवसाचे काम दोन चाकांवर चालते. आणि यांची वाट एकसारखी कुठे असते? घरातून निघाले की मुरूम, मग डांबरी सडक, मध्ये ओढ्यातली वाळू, आणि शेवटचा तुकडा शिवारातल्या पाणंदीचा. त्यात गेल्या काही वर्षांत मातीवर चालण्यासाठीच बांधलेल्या मोटारसायकली आपल्या बाजारात आल्या. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ साली आली, हीरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली आली. उंच बांधा, पुढे मोठे चाक, मोठमोठ्या ठोकळ्यांचे टायर. तरुण मंडळींना त्यांची भुरळ पडली. मग ज्यांच्याकडे साधी गाडी आहे तेही दुकानात जाऊन म्हणू लागले, "तसले दणकट बटणाचे टायर टाका." टायर दणकट दिसतो म्हणून तो आपल्या वाटेला चालेल, असे मात्र नाही. चुकीचा टायर नुसता पैसे खात नाही, तो माणसाला पाडतो. म्हणून डांबर, मुरूम, चिखल, वाळू अशा मिश्र वाटेसाठी टायर कसा निवडावा, एवढेच आज पाहू.

प्रथम एक हिशेब करू. शिक्षक मंडळींनी हा वर्गात फळ्यावर करून दाखवावा. समजा, गाडी दीडशे किलोची आणि माणूस सत्तर किलोचा. एकूण दोनशे वीस. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे १२० किलो, मागच्या चाकावर येते असे धरू. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो आहे. आपल्याकडे हवा भरणारा ज्याला २८ पौंड म्हणतो, तो दाब जवळजवळ एवढाच. आता १२० ला २ ने भागा. उत्तर ६० चौरस सेंटिमीटर. म्हणजे सहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब एवढाच टायर जमिनीला टेकतो. बोटे सोडून उरलेला आपला तळहात साधारण एवढाच भरतो. पुढच्या चाकाचा तळवा याहून लहान. टायरच्या भिंतीही थोडे वजन पेलतात, म्हणून हा हिशेब काटेकोर नाही, पण अंदाज बरोबर येतो.

या दोन तळव्यांवर सगळी गाडी उभी असते. ब्रेक मारतो तो त्यांच्या जोरावर, वळतो तो त्यांच्या जोरावर, आणि मागे बसलेली बायको, तिच्या मांडीवरचे मूल सुखरूप घरी पोहोचते तेही त्यांच्याच जोरावर. मग या तळव्याखाली कोणती जमीन येणार आणि तिला तो कसा धरणार, याचा विचार नको का करायला?

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, हे आपण जाणतो. ती झिजत नाही, पण ती जमिनीला धरतही नाही. नुसती कापत जाते आणि चाकोरी पाडते. बैलगाडीला त्याने अडत नाही, कारण जमीन धरण्याचे काम बैलांचे खूर करतात. मोटारसायकलीत चाकच ओढणारे आणि चाकच पेलणारे. म्हणून तिला हवेचे रबरी चाक हवे. आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा एक स्कॉटिश जनावरांचा डॉक्टर होता. त्याने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेल्या रबरी टायरचा उपयोग केला. त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन याने अशा चाकाचे पेटंट घेतले होते, पण ते चालीत आले नाही. डनलॉपचे चालले, आणि त्याच्या नावाच्या रबरी चाकांच्या बैलगाडीला कित्येक गावांत अजून डनलॉपगाडी म्हणतात.

आता जमिनीकडे येऊ. आपल्या मिश्र वाटेवर साधारण चार जातींची जमीन भेटते, आणि प्रत्येकीचे मागणे निराळे असते.

पहिली डांबरी सडक. ही कठीण आणि सपाट. तिच्यात रुतायचे काही कारण नाही. इथे रबर जितके जास्त टेकेल तितके चांगले. नक्षीच्या चिरा हव्यात, पण त्या मुख्यतः पावसाचे पाणी बाजूला सारण्यासाठी.

दुसरी मुरूम, खडी, कातळ. वऱ्हाडापासून कोल्हापूरपर्यंतच्या टेकड्यांवरचा मुरूम घ्या किंवा कोकणातला जांभा घ्या. जमीन कठीण, पण वर सुटे खडे. इथेही टायर रुतत नाही. त्याने खड्याला बिलगायचे असते, दगडाच्या कडेवर वाकून ती धरायची असते. शेळीचा खूर पाहा. कडेला कठीण, मध्ये मऊ. कातळावर तो कसा ठरतो! म्हणून या जमिनीच्या टायरचे ठोकळे आखूड आणि जवळजवळ असतात, आणि रबर साधारणपणे मऊ असते.

तिसरी चिखलाची. आपली काळी माती म्हणजे तर चिखलाची राणी. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे. ती पाणी पिते आणि फुगते, उन्हाळ्यात वाळते तेव्हा हातभर भेगा पडतात. भिजली की तिचे दोन गुण एकदम दिसतात. ती निसरडी होते आणि चिकटही होते. चाक घसरते आणि वर मातीने माखतेही. ठोकळे जवळजवळ असले तर मधल्या फटी मातीने भरतात, आणि थोड्याच वेळात टायरच्या जागी मातीचा गुळगुळीत गोळा फिरू लागतो. म्हणून चिखलाच्या टायरचे ठोकळे उंच आणि विरळ असतात. चाक फिरले की मधली माती झटकून बाहेर पडावी, एवढ्यासाठी ते अंतर. त्यांचे रबर सहसा ताठ असते, कारण ते मातीत खुपसायचे असते. मोटोक्रॉसच्या गाड्यांचा पुढचा मडगार्ड चाकापासून इतका उंच का, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर हेच. मडगार्ड चाकालगत असला तर चिखल मध्ये ठासून बसतो आणि चाक फिरायचेच थांबते.

चौथी वाळू. ओढ्याचे, नदीचे पात्र. इथे टायर खुपसला तर तो खाली खाली जातो. वाळूवर पसरायला हवे. उंटाचा तळवा रुंद आणि पसरट का, हे भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचतोच. टायरचा तळवा पसरट करण्याचा सोपा उपाय म्हणजे हवा थोडी कमी करणे. मघाचाच हिशेब घ्या. दाब २ किलोऐवजी दीड केला तर तळवा ६० ऐवजी ८० चौरस सेंटिमीटर होतो. टायर तोच, पण तळवा तिसऱ्या हिश्शाने वाढला.

पाहा, चौघींची मागणी कशी एकमेकींच्या उलट आहे. डांबर म्हणते, रबर जास्त टेकव. चिखल म्हणतो, ठोकळे विरळ ठेव. कातळ म्हणतो, रबर मऊ ठेव. चिखल म्हणतो, ताठ ठेव. म्हणून सगळ्या जमिनींवर सारखाच उत्तम असा टायर नाही, आणि दुकानदार तसे सांगू लागला तर हसून सोडून द्यावे. टायर करणारेही हे जाणून असतात. मातीवरच्या टायरांच्या ते तीन जाती करतात. मऊ जमिनीचा, कठीण जमिनीचा आणि दोन्हींच्या मधला. मऊ जमिनीचा टायर कातळावर चालवला तर त्याचे उंच ठोकळे वाकतात, मुळाशी चिरतात आणि तुकड्या-तुकड्यांनी निघून येतात. कठीण जमिनीचा टायर चिखलात नेला तर तो भरून जातो. मधला दोन्हीकडे बऱ्यापैकी चालतो. आपल्याकडची मातीची वाट एकाच दिवसात दोन-तीन रंग बदलते, तेव्हा निव्वळ मातीत चालवायचे असेल तर या मधल्या जातीपासूनच सुरुवात करावी.

पण आपल्यापैकी बहुतेकांना निव्वळ मातीत चालवायचे नसते. सडक लागतेच. त्यासाठी दुहेरी कामाचे टायर निघाले आहेत. त्यांची जात सांगताना सत्तर-तीस, पन्नास-पन्नास असे आकडे सांगतात. सत्तर भाग सडक आणि तीस भाग माती, असा त्याचा अर्थ. मात्र हे माप कोणी तराजूत घालून ठरवलेले नाही. तो करणाऱ्याचा आणि वापरणाऱ्यांचा अंदाज आहे. एका कंपनीचा पन्नास-पन्नास दुसरीच्या सत्तर-तीससारखा निघू शकतो. म्हणून आकडा ऐकावा आणि टायर डोळ्यांनी पाहावा. ठोकळे किती उंच, मधली फट किती रुंद, आणि मधोमध रबराची पट्टी सलग आहे की तुटक, हे पाहावे. मधली पट्टी जितकी सलग, तितका तो सडकेकडे झुकलेला.

आता मोठ्या ठोकळ्यांचा टायर डांबरावर काय करतो ते सांगतो, कारण फसगत होते ती इथेच. पहिले, रबर कमी टेकते, तेव्हा ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. ओल्या डांबरावर तर फारच. दुसरे, वळताना गाडी कलली की उंच ठोकळे बोटांसारखे वाकतात, आणि गाडी एकदम सरकल्यासारखी वाटते. तिसरे, वेगात ठोकळे तापतात आणि भराभर झिजतात. महागडा टायर काही हजार किलोमीटरांतच बोडका होतो. मोटोक्रॉसच्या पुष्कळ टायरांच्या भिंतीवर तर "नॉट फॉर हायवे यूज" असे इंग्रजीत स्पष्ट छापलेले असते. म्हणजे हा हमरस्त्यासाठी नाही. असा टायर सडकेवर चालणाऱ्या गाडीला लावूच नये, मग तो कितीही रुबाबदार दिसो.

मग निवड कशी करायची? दुकानात जाण्याआधी एका कागदावर आपल्या नेहमीच्या फेरीचे किलोमीटर मांडायचे. उदाहरण घेऊ. एका गुरुजींची वाट अशी. १४ किलोमीटर डांबर, ४ किलोमीटर मुरूम, १ किलोमीटर काळ्या रानातली पाणंद. एकूण १९. त्यात डांबर जवळजवळ पाऊण हिस्सा. यांना सत्तर-तीस जातीचा टायर पुरेसा आहे. त्या एका किलोमीटरच्या पाणंदीसाठी उरलेली अठरा किलोमीटर धोक्यात घालू नयेत. दुसरे उदाहरण मळ्यात राहणाऱ्या तरुणाचे. ३ किलोमीटर डांबर आणि ९ किलोमीटर कच्चा रस्ता, त्यात ओढा. याला पन्नास-पन्नास घ्यायला हरकत नाही. तिसरे उदाहरण शर्यतीचा सराव करणाऱ्या मुलाचे. त्याची गाडी टेंपोत घालून मैदानावर जाते आणि टेंपोतूनच परत येते. त्याने खुशाल मातीचा टायर घ्यावा.

दुसऱ्या तरुणाचा हिशेब नुसत्या किलोमीटरने केला तर त्याने याहूनही मोठ्या ठोकळ्यांचा टायर घ्यायला हवा, असे वाटेल. मी पन्नास-पन्नास का म्हटले? कारण किलोमीटरांच्या शेजारी आणखी एक प्रश्न लिहायला हवा. पडलो तर कुठे महाग पडेल? चिखलात माणूस ताशी १५ किलोमीटरने चालतो. पडला तर कपडे भरतात, फार तर गुडघा सोलतो. डांबरावर तोच माणूस ६० ने जातो. वेग चौपट झाला की आघाताची शक्ती चौपट होत नाही, सोळापट होते. हे विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे. शिवाय डांबरावर मागून ट्रक येत असतो. म्हणून डांबराचा एक किलोमीटर हा मातीच्या एका किलोमीटरपेक्षा हिशेबात जड धरायला हवा. चिखलात अडकलेली गाडी चार माणसे ढकलून काढतात. ओल्या वळणावर सुटलेल्या गाडीला कोण धरणार? तेव्हा दोन टायरांमध्ये मन घुटमळू लागले तर कौल डांबराच्या बाजूने द्यावा. आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवावी.

आणि हेही सांगितले पाहिजे, की काळ्या मातीला नक्षत्राचा पाऊस मनसोक्त लागला, म्हणजे मग कुठलाच टायर उपयोगाचा नाही. त्या दिवशी गाडी रस्त्याकडेला ओळखीच्या दारात लावावी आणि पाणंद पायी चालून जावी. त्यात कमीपणा काही नाही.

टीव्हीवर आणि मोबाइलवर वाळवंटातल्या शर्यती पाहून मुलांची मने तिकडे ओढ घेतात. ते साहजिक आहे. डकार नावाची प्रसिद्ध शर्यत पहिल्यांदा १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघाली. २०१५ साली सी. एस. संतोष याने ती मोटारसायकलवर पुरी केली. असे करणारा तो पहिला भारतीय. २०२४ साली हरिथ नोआ याने तिच्यातल्या रॅली-२ या वर्गात पहिला नंबर मिळवला. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यांच्या गाडीला जो टायर आहे तो त्या वाळूसाठी आणि त्या दगडांसाठी निवडलेला असतो. टायर झिजला तर बदलायला मुक्कामावर माणसे असतात. आपला टायर आपल्याला दोन-तीन पावसाळे पुरवायचा असतो. त्यांच्याकडून धाडस शिकावे, टायरची नक्कल करू नये.

आता पुढचा टायर आणि मागचा टायर. आपल्याकडे अशी समजूत आहे की ओढणारे चाक मागचे, म्हणून चांगला टायर मागे, आणि पुढे कसला का असेना. ही समजूत घातक आहे. मागचे चाक सरकले तर शेपटी हलते, सावरायला वेळ मिळतो. पुढचे चाक सरकले की माणूस जमिनीवर. थांबण्याचे मोठे कामही पुढच्याच चाकाकडे असते. साध्या गाड्यांच्या पुढच्या टायरवर बहुधा लांबच लांब सरळ रेघा असतात. डांबरावर ते ठीक, पण चिखलात अशा टायरला आडवी धरच नसते. तेव्हा मागे ठोकळ्यांचा आणि पुढे जुना रेघांचा, अशी जोडी लावू नये. दोन्ही एकाच जातीचे असावेत.

टायर घेताना त्याच्या भिंतीवरची अक्षरे वाचावीत. ९०/९०-२१ असे लिहिले असेल तर पहिला ९० म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर. दुसरा ९० म्हणजे उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, अर्थात ८१ मिलिमीटर. आणि २१ म्हणजे रिमचा व्यास २१ इंच. मातीच्या गाडीचे पुढचे चाक असे मोठे ठेवतात, कारण मोठे चाक दगडावरून आणि खड्ड्यातून अडखळल्याशिवाय जाते. त्यानंतर ५४ पी असे काही असते. ५४ हा वजनाचा क्रमांक आहे, त्याचा अर्थ टायर २१२ किलो पेलतो. ६२ असेल तर २६५ किलो. "पी" म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी, "जे" म्हणजे १०० पर्यंत. दुधाच्या किटल्या किंवा खताचे पोते नेणाऱ्याने वजनाचा क्रमांक आवर्जून पाहावा. गाडीबरोबर मूळ आलेल्या टायरपेक्षा तो कमी नसावा.

चार आकडी एक शिक्काही असतो. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण रबर म्हातारे झालेले असते. भिंतीवर बाण असेल तर चाक पुढे फिरते त्या दिशेला तो आला पाहिजे. पंक्चर काढताना चाक उलटे बसवले गेले नाही ना, हे पाहायलाही हा बाण उपयोगी पडतो.

रुंद टायर म्हणजे जास्त चांगला, हाही एक भ्रम. नेमून दिलेल्या मापाहून रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की त्याचा आकार बिघडतो, वळताना गाडी जड होते. तो साखळीला घासू शकतो, आणि चिखल निघून जायला जागा राहत नाही. चाकाचा व्यास बदलला तर वेगाचा काटाही खोटा बोलू लागतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप सोडू नये.

टायर निवडला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे हवेचे. सडकेसाठीचा आकडा गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो. तो पाळावा, आणि मागे माणूस किंवा ओझे असेल तर ओझ्यासाठीचा वेगळा आकडा पाळावा. वाळूत, चिखलात शिरताना चार-सहा पौंड कमी केले तर टायर पसरतो आणि जमीन धरतो. पण दगडांच्या वाटेवर फार कमी करू नये. चाक दगडावर आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते, आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. शर्यतीचे लोक १२-१४ पौंडांवर चालवतात हे खरे, पण त्यांच्या ट्यूब जाड असतात, आणि टायर रिमवर फिरू नये म्हणून आत एक पकड बसवलेली असते. आपल्या गाडीला ते नसते. हवा इतकी कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वाल मुळापासून उपटतो. आणि मुख्य म्हणजे, सडकेला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरली पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि गाडी डुलते. म्हणून सायकलीचा चांगला पंप आणि हवा मोजण्याचे लहानसे यंत्र जवळ असावे. आऱ्यांच्या चाकांना बहुधा ट्यूबच लागते, तेव्हा एक ट्यूबही बरोबर ठेवावी. २१ इंची पुढच्या चाकाची ट्यूब अडीनडीला मागच्या १८ इंची चाकात घालून घरापर्यंत येता येते. उलट मात्र जमत नाही.

राहता राहिला प्रश्न, टायर बदलायचा केव्हा? सडकेच्या टायरवर नक्षीच्या तळाशी झिजेची खूण असते. भिंतीवरच्या लहान त्रिकोणाच्या रेषेत पाहिले की ती सापडते. नक्षी त्या खुणेला टेकली की टायर संपला. ठोकळ्यांच्या टायरचे थोडे निराळे आहे. त्यात उंची शिल्लक असली तरी ठोकळ्यांच्या कडा गोल झाल्या की मातीतली धर गेली असे समजावे, कारण माती कापते ती कड. मुळाशी चिरा दिसल्या, भिंतीला भेगा पडल्या, तर किती किलोमीटर झाले ते मोजत बसू नये. आणि गोटा झालेल्या टायरवर पात्याने पुन्हा नक्षी कोरून विकण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्यापासून दूर राहावे. वरून नक्षी दिसते, पण खाली रबर उरलेलेच नसते.

नवा टायर बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावे. नव्या रबराचा वरचा तुकतुकीत थर निसरडा असतो. पहिल्या पावसातही असेच जपावे. उन्हाळाभर सडकेवर साठलेले तेल आणि धूळ यांचा राप होतो. रानातून आलेल्या ट्रॅक्टरने काळा चिखल डांबरावर आणून सोडलेला असतो. तो ओला पट्टा लांबून डांबरासारखाच दिसतो. तिथे ना सडकेचा टायर कामाला येतो ना मातीचा. वेग आधीच कमी केलेला असेल तरच निभावते.

शिक्षकांना एक सुचवतो. शाळेच्या आवारात पांढरा कागद पसरा. मोटारसायकलीचा टायर ओला करा आणि तिला त्यावर सावकाश उभी करा. उमटलेला ठसा मुलांना मोजायला लावा. मग हवा थोडी कमी करून दुसरा ठसा घ्या. क्षेत्रफळ, दाब, वजन हे सगळे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आणि आपले वडील रोज केवढ्याशा आधारावर रानात जातात आणि परत येतात, हेही त्यांना कळेल. त्यातले एखादे मूल त्या संध्याकाळी घरी जाऊन वडिलांच्या गाडीचा पुढचा टायर हात फिरवून पाहील, आणि "बाबा, हा गोटा झालाय" असे सांगेल. तसे झाले तर आजचे बोलणे कारणी लागले असे मी म्हणेन.